चार बावीसची तांत्रिक अडचण

ऑक्टोबर २०१९चा पहिला आठवडा. विधानसभेची आचारसंहिता लागलेली, मतदान २१ तारखेला. आमचं केंद्र म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं एक सामुदायिक रेडिओ केंद्र: दोन खोल्या, पन्नास वॅटचा ट्रान्समीटर, गच्चीवर मनोरा आणि फार तर दहा-बारा किलोमीटरच्या आतले श्रोते. मी तिथं कार्यक्रम संयोजक होतो. म्हणजे कार्यक्रम ठरवायचे, रेकॉर्डिंग कापायचं, मिक्सरवर बसायचं आणि वेळ पडली तर जनरेटरमध्ये डिझेलही ओतायचं.

दुपारी चारला शेतीचा फोन-इन असायचा. निवेदन करणारी मुलगी शेजारच्याच गावातली. तिला सगळेच 'ताई' म्हणायचे, सत्तरीचे आजोबासुद्धा. त्या दिवशी पाहुणे म्हणून कांद्यातले एक जाणकार शास्त्रज्ञ बोलावले होते. विषय मी मुद्दाम सोवळा ठेवला होता: चाळीतला, म्हणजे शेतावरच्या हवेशीर साठवणीतला, उन्हाळ कांदा सडतो कशानं, कोंब का येतात, रांगड्याचं, म्हणजे खरीप-रब्बीच्या मधल्या हंगामातल्या कांद्याचं, रोप पावसातून कसं वाचवायचं.

सोवळा अशासाठी, की २९ सप्टेंबरला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली होती. शिवाय साठ्यावर मर्यादा घातली होती: किरकोळ व्यापाऱ्याला शंभर क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला पाचशे. लासलगावला भाव घसरले. पारावर, डेअरीवर, एसटीत दुसरा विषय नव्हता. आणि आमच्या परवानगीची अट अशी, की बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचं काहीही प्रसारित करायचं नाही. वर आकाशवाणीची संहिता आम्हालाही लागू, त्यात पक्षाचं नाव घेऊन टीका वर्ज्य. खाजगी एफएमवाल्यांनाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं जसंच्या तसं लावता येतं. टीव्हीवर मात्र त्याच निर्यातबंदीवरून आठ-आठ चौकटींतून लोक एकमेकांवर ओरडत होते. ते चालत होतं.

बाजारभाव सांगायला आम्हाला हरकत नव्हती, ती माहिती. भाव का पडला हे सांगितलं की ती घडामोड. मधली रेघ नेमकी कुठे आहे हे कुणी दाखवलेलं नव्हतं, त्यामुळे मी ती माझ्या मनानं चार पावलं अलीकडेच आखून घेतली होती.

पहिले दोन फोन बरे गेले. एकाला करप्याची फवारणी विचारायची होती, दुसऱ्याला कांदा चाळीचं अनुदान. तिसरा फोन धरणाकडच्या एका वस्तीवरून. आवाजावरून साठीपुढचे काका वाटत होते.

"ताई, चाळीत दीडशे क्विंटल माल हाये. निर्यात तर बंद झाली. अन् परवा मतं मागायला आले होते, ते—"

फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, मी खाली ओढला. विचार करून नव्हे. हात आधी गेला, मग मला कळलं. मोठ्या स्टुडिओत थेट प्रसारण काही सेकंद उशिरानं सोडायची सोय असते, आमच्याकडे ती नव्हती. आमच्याकडे माझं बोट होतं.

काचेपलीकडून ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या हातानं जात्यावरच्या ओव्यांची फाइल लावली. दोन मिनिटांनी ती सराईतपणे म्हणाली, "तांत्रिक अडचणीमुळे फोन कट झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत." शास्त्रज्ञांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि काही विचारलं नाही. तेही सरकारी नोकरीतले. फोनचा लाल दिवा पुन्हा पुन्हा लुकलुकत होता. नंबर तोच. आम्ही उचलला नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: '४.२२, तांत्रिक अडचण, २ मि.'

संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते काका मोटारसायकलवर नातवाच्या मागे बसून केंद्रावर आले. भांडायला आले असतील असं धरून मी आधीच खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, माझं बोलणं कुठपर्यंत गेलं?"

प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचा नियम आहे, त्यामुळे रेकॉर्डिंग होतंच. मी ऐकवलं. 'मतं मागायला आले होते, ते' आणि लगेच ओव्या. काका हसले. मग म्हणाले, "म्हंजे मी तर कुणाचं नावबी घेतलं नव्हतं अजून."

"काय म्हणणार होता?"

"ते म्हणत होते, पंधरा दिसांत बंदी उठंल, माल काढू नका. म्हटलं शास्त्रज्ञ साहेबांना विचारावं, तवर चाळीत टिकंल का?"

मला उत्तर सुचेना. प्रश्न कांद्याचा होता, आमच्या कार्यक्रमाच्या विषयातलाच. पण त्यात मत मागणारे होते, त्यांचं आश्वासन होतं, सरकारचा निर्णय होता. त्यातून निवडणूक वजा करून कांदा कसा शिल्लक ठेवायचा? मी शास्त्रज्ञांचा नंबर लावून दिला. ते फोनवर म्हणाले, ऑक्टोबरात कोंब फुटायला लागलेल्या कांद्याला थांबा म्हणणं बरोबर नाही, निवडून काढायला घ्या. हेच वाक्य चार वाजून तेवीस मिनिटांनी हवेत गेलं असतं तर त्या पट्ट्यातल्या आणखी कितीतरी चाळींपर्यंत पोचलं असतं.

जाताना नातू म्हणाला, "पक्षवाल्यांना रेडिओवर बोलताना ऐकलंय मी." खरं होतं. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर वेळ ठरवून मिळते. मजकूर आधी तपासून घ्यावा लागतो, पण वेळ मिळते. काकांना ती मिळत नाही.

त्या रात्री मी आमचीच मार्गदर्शक तत्त्वं पुन्हा वाचली. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली एका क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितलं. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचं. आमच्यासारख्या केंद्रांच्या बाजूनं बोलणारे सगळे त्याचा दाखला देतात, मीही अनुदानाच्या प्रत्येक अर्जात देत आलो होतो. अमेरिकेतला नियमही आठवला. तिथल्या दळणवळण आयोगानं १९४९पासून प्रसारकांवर बंधन घातलं होतं, की वादाच्या सार्वजनिक प्रश्नांवर बोला आणि बोलताना दुसऱ्या बाजूलाही जागा द्या. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६९मध्ये ते उचलून धरलं, प्रसारकापेक्षा ऐकणाऱ्याचा हक्क मोठा म्हणून. १९८७मध्ये आयोगानंच ते सोडून दिलं. कारणांतलं एक असं, की दुसरी बाजू शोधायच्या कटकटीपेक्षा केंद्रं वादाचा विषयच टाळतात. त्यांचा नियम 'दोन्ही बाजू बोला' म्हणणारा, आमचा 'बोलूच नका' म्हणणारा. मिक्सरवर बसलेला माणूस मात्र दोन्हीकडे सारखाच वागत असणार, असं मला वाटलं.

कारण त्या दिवशी मंत्रालयातून फोन आला नव्हता. जिल्हाधिकारी कार्यालयातून नोटीस नव्हती. कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता दारात आला नव्हता. बारा किलोमीटरच्या टापूत एका माणसाचं वाक्य तोडणारा मी एकटाच होतो, आणि तेही त्यानं काही म्हणायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं, तर फोन-इन थेट घेणं बंद केलं. निकाल लागेपर्यंत प्रश्न आधी रेकॉर्ड करायचे, मग लावायचे. ताई म्हणाली, "सर, मग लोक म्हणतील रेडिओ बोलतो, ऐकत नाही." मी म्हटलं, थोडे दिवस. ते थोडे दिवस पुढे बरेच लांबले, कारण रेकॉर्डिंगवर काम करणं सोपं असतं.

बंदी पंधरा दिवसांत उठली नाही. निर्यात खुली झाली १५ मार्च २०२०ला. तोवर काकांच्या फोनची ती फाइल तीन महिने भरून हार्ड डिस्कवरून गेली होती, जागा करायला मीच ती पुसली. रजिस्टर तेवढं कपाटात आहे.