यॉर्क वायनरी, गंगापूर: कधी जावं, काय चाखावं, जुनी बाटली घ्यावी का

शनिवार-रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडने गेलं की सुला या मोठ्या वायनरीच्या फाटकापाशी गाड्या तुंबलेल्या दिसतात. ती गर्दी मागे टाकून सावरगावच्या अंगाला थोडं पुढे गेलं की यॉर्क लागते. टेस्टिंग रूममधून समोर द्राक्षबाग आणि पलीकडे गंगापूर धरणाचं पाणी दिसतं. फोटो काढायला येणाऱ्यांचं काम तिथेच भागतं. वाईनसाठी येणाऱ्यांनी मात्र आधी बागेत उतरावं, पेला नंतर हातात घ्यावा.

ही वायनरी गुरनानी कुटुंबाने उभी केली. योगिता, रवी आणि कैलास या भावंडांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. कैलास यांनी वाईन बनवण्याचं शिक्षण ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला घेतलं. 2021 मध्ये सुलाने यॉर्क विकत घेतली. त्यामुळे कुटुंबाच्या हातची वाईन शोधत असाल तर लेबलवरचं साल त्याच्या आधीचं हवं.

साल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. इथे फळछाटणी (घड यावेत म्हणून केलेली) सप्टेंबर-ऑक्टोबरला होते, तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी (तोडणीनंतर नव्या फुटीसाठी वेल मागे छाटणं). फ्रान्समध्ये 2015 ची तोडणी सप्टेंबरात झाली, नाशिकची त्याच वर्षी फेब्रुवारीत. म्हणजे लेबलवर साल एकच असलं तरी आपली बाटली अर्ध्या वर्षाने जुनी. साल छापलेलंच नसेल तर बाटली कधी भरली तो महिना बघा, तो लेबलवर असतो.

जायचं तर फेब्रुवारीत, कामाच्या दिवशी आणि सकाळी. फळ थंड असतानाच आत यावं म्हणून तोडणी पहाटे सुरू होते आणि ऊन चढायच्या आत आटोपते. अकराला पोचणाऱ्याला रिकामे क्रेट धुताना दिसतात, बस्स. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, पण वेलीवर घड नसतो आणि टाक्या शांत असतात. तेव्हा जाणं हे जेवायला जाणं झालं, त्यालाही हरकत नाही.

बागेत परवानगी घेऊन शिराज या लाल वाईनच्या जातीचा एक मणी तोंडात टाका. थॉम्पसन या बिनबियांच्या खाण्याच्या द्राक्षाची सवय असलेल्याला तो विचित्रच लागतो: लहान, जाड सालीचा, आत बिया. गर चोखून टाका आणि बी चावा. बी हिरवट आणि चिवट असेल तर तोडणीला वेळ आहे. तपकिरी होऊन कुरकुरीत तुटली आणि साल चावताना जीभ कमी आखडली, तर फळ तयार. यंत्रावर साखर 23-24 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) दिसली तरी बी कच्ची असू शकते. नाशिकच्या उन्हात साखर झपाट्याने चढते, बी आणि साल पिकण्यात मागे राहतात. शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनच्या जातीचा घड पाहा: मणी इतके घट्ट बसलेले की मध्ये बोट शिरत नाही. तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला की याच घडात आतला एखादा मणी फुटतो आणि बाहेरून कळायच्या आत अर्धा घड सडतो. भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) निदान डोळ्याला दिसते, ही सड दिसत नाही.

आता सुरुवातीच्या व्हिंटेजबद्दल, म्हणजे पहिल्या काही वर्षांच्या तोडणीच्या वाईनबद्दल. नाशिकच्या छोट्या वायनरींची पहिली पाच-सहा वर्षं साधारण एकाच साच्यातली होती. वेल कोवळी, मुळं वरच्या थरात, त्यामुळे पाणी दिलं की मणी फुगायचे आणि ताण बसला की पानं गळून घड उन्हात भाजायचे. शिवाय हात खाण्याच्या द्राक्षाला सरावलेले. तिथे एकरी दहा टन किंवा जास्त माल ही शाबासकी, वाईनच्या लाल जातींना चार-पाच टनांच्या पुढे गेलं की रंग आणि चव दोन्ही पातळ. त्यात उष्णतेने आंबटपणा लवकर उतरतो. आंबटपणा उतरला की रसाचा पीएच हा आकडा चढतो; तो 3.8 च्या वर गेला की वाईन टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड नीट काम करत नाही, जंतूंचं फावतं आणि लाल वाईनला तबेल्यासारखा वास येऊ लागतो. यावर उपाय म्हणजे टार्टरिक आम्ल, लिटरला एक-दोन ग्रॅम, आणि तेही आंबवणं सुरू व्हायच्या आधी. नंतर घातलं तर ते वेगळं, टोचणारं लागतं. त्या काळच्या लाल वाईनमध्ये म्हणूनच दोन टोकं सापडतात: लवकर तोडलेली, ढोबळी मिरचीच्या वासाची, किंवा उशिरा तोडलेली, जॅमसारखी. पातळपणा झाकायला नव्या ओकच्या लाकडी पिंपांचा मारा झाला की वर व्हॅनिला, खाली पोकळ.

पांढऱ्या वाईनचं गणित तुलनेने लवकर जमलं. कोवळ्या वेलीचं शेनिन किंवा सोव्हिन्यों (दुसरी पांढरी जात) टाकीत 14-16 अंशांवर सावकाश आंबवलं तर वास छान टिकतो. पण ती वाईन एक-दोन वर्षांत प्यायची.

मग 2008-09 ची मंदी आली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटन घसरलं, माल पडून राहिला, बऱ्याच शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती काढून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. जुन्या बाटल्या शोधणाऱ्यांनी हे विसरू नये: त्या काळातल्या कितीतरी बाटल्या, कोणत्याही वायनरीच्या असोत, थंडावा नसलेल्या गोदामांतून आणि दुकानांतून फिरल्या आहेत. वाईन चांगली बनली असेल, पण दोन उन्हाळे 40 अंशांत काढल्यावर काय उरणार?

म्हणून जुनी बाटली दुकानातून घेताना ती उजेडात धरा. कॉर्क बाटलीच्या तोंडावर फुगून आलंय का, आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, वाईनची पातळी मानेखाली खांद्यापर्यंत उतरलीय का? यातलं एकही दिसलं तर परत ठेवा. पांढरी वाईन चहाच्या रंगाची झाली असेल तर ती संपली. यॉर्कची जुनी लाल हवी असेल तर शिराज आणि कॅबर्ने या लाल जातींच्या मिश्रणाची ‘अरोस’ शोधा, ती त्यांची वरच्या दर्जाची लाल. घरी आणल्यावर एक दिवस उभी ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि उघडल्यावर हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता. जुनं कॉर्क तुटतंच, चहाची गाळणी जवळ असू द्या.

टेस्टिंगमध्ये बुडबुड्यांच्या स्पार्कलिंगपासून सुरुवात करा (इथली शेनिनची, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली), मग पांढऱ्या, गुलाबी रोझे, हलक्या लाल आणि शेवटी ओकमधल्या. उलट्या क्रमाने गेलात तर शेनिन पाण्यासारखी लागेल. एकाच जातीची दोन वर्षं शेजारी-शेजारी मागून बघा. गर्दी नसेल तर सहसा मिळतात, आणि पाच वेगवेगळ्या वाईन चाखून जे कळत नाही ते यात कळतं. पीकदाणी मागायला लाजू नका. सहा नमुने, प्रत्येकी 30 मिली, म्हणजे मोठा एक पेला पोटात जातो, आणि वाहन चालवण्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. चालक न पिणाराच ठेवा. नाशिकरोड स्टेशनवरून टॅक्सी करणार असाल तर परतीचीही आधीच ठरवा, तिकडून ऐनवेळी गाडी मिळवणं कटकटीचं.

महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट 21 आहे, ओळखपत्र ठेवा. ड्राय डे तपासून निघा. सुरत-वलसाडकडून सापुताऱ्यामार्गे येणाऱ्यांनी बाटल्या परत नेऊ नयेत, गुजरातेत दारूबंदी आहे. मुंबईला परतताना वेळ उरला तर मुकणे जलाशयाजवळ संजेगावची व्हॅलोने ही दुसरी छोटी वायनरी वाटेवरच आहे, आधी फोन करून जा.

खरेदी सगळ्यात शेवटी करा आणि बाटल्या डिकीत नको, एसी असलेल्या भागात पायाशी आडव्या ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये बंद डिकीत दोन तासांत वाईन तापून कॉर्क वर सरकतं. जेवायला कुठे थांबणार असाल तर थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या दोन पिशव्या सोबत असू द्या.