केळीच्या पट्ट्या आणि पोस्टग्रेस
आज अख्खा दिवस जळगावात एका केळीवाल्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात गेला, सावदा-रावेरच्या गाड्या भरल्या की संध्याकाळी सगळे एकदमच पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या पावत्या) काढायला बसतात नि सर्व्हर मान टाकतो. शेठ म्हणे, नवीन मशीन घेऊन टाकू का भाऊ? म्हटलं थांबा जरा. बघतो तर पोस्टग्रेस, म्हणजे त्यांचा डेटाबेस, जसं टाकलं तसंच, शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) १२८ एमबी, वर्क मेम (सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) ४ एमबी, आणि मशीनची रॅम १६ जीबी!!

हाताने एकेक आकडा फिरवत कोण बसणार, म्हणून डेटाची कॉपी घेतली आणि लॉगमधल्या खऱ्या क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) तिच्यावर चालवणारी स्क्रिप्ट लावली, ती सेटिंग बदलते, रीस्टार्ट मारते, वेळ मोजते नि पुढचा आकडा स्वतःच ठरवते. एकेक सेटिंग सुटी बघून भागत नाही हो, वर्क मेम वाढवलं की सॉर्ट डिस्कवर जात नाही, पण ते कनेक्शनमागे नसतं, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट-हॅशमागे (क्रम लावणं, जुळवणं) वेगळं लागतं, सगळे एकदम बसले की रॅम गुल. एसएसडी होती म्हणून रँडम पेज कॉस्ट (डिस्कवर इकडेतिकडे उड्या मारून वाचायचा अंदाजी खर्च) ४ वरून १.१ केली तर क्वेऱ्या गपचूप इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा) वापरायला लागल्या.

सेटिंग स्क्रिप्टनेच शोधायची ही कल्पना काय माझी नाही, अशी टूल्स आधीच होती, ड्यूक युनिव्हर्सिटीचं आयट्यून्ड २००९ चं, कार्नेगी मेलनचं ऑटरट्यून २०१७ चं, ते तर जुन्या डेटाबेसवर शिकलेलं नव्यालाही वापरतं.

पट्ट्या आता पटापट निघताहेत. शेठला तरी नवीन मशीन हवंच आहे, शेजारच्या गाळेवाल्याने घेतलंय म्हणे 😄