दंडाचे तेवीस रुपये

एप्रिल उजाडला की कुणी ना कुणी देवघेवीच्या टेबलावर कोपर टेकून विचारतंच, "ताई, हिमालयात चाललोय. वाचायला काय देता?" बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतलं हे जुनं मराठी वाचनालय. मी इथे बावीस वर्षं ग्रंथपाल आहे, त्यामुळे उत्तर तोंडपाठ झालं होतं. एक यादीच केली होती. झेरॉक्स काढून खणात ठेवलेली, मागितली की द्यायची. आता कबूल करायला हरकत नाही, की डोंगरावरची पुस्तकं सुचवणारी मी स्वतः अबूच्या गुरुशिखराहून उंच कुठे गेलेले नाही. म्हणजे १७२२ मीटर, तेही जीपनं. पावागड पाहिला तो रोपवेतून.

यादीत पहिलं नाव काकासाहेब कालेलकरांच्या 'हिमालयनो प्रवास'चं. आमच्या गुजराती कपाटातली ती प्रत दोनदा बांधून घेतली आहे. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती वाचायला अडचण नसते, आणि या पुस्तकावर आपला हक्क आहे असंही त्याला वाटतं. माणूस साताऱ्याचा, मातृभाषा मराठी, आणि शिकवायला होते इथल्या गंगनाथ विद्यालयात. राष्ट्रीय विचारांची शाळा म्हणून इंग्रजांच्या दबावाखाली ती १९१२ मध्ये बंद पडली आणि काकासाहेब पायी हिमालयात निघून गेले. पुस्तक आलं १९२४ मध्ये. ही कथा मी इतक्यांना ऐकवली आहे, की आमचा शिपाई आता मधली वाक्यं पुरी करतो.

खाली शिकारी जिम कॉर्बेटचं रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याचं पुस्तक, कारण केदार-बद्रीला जाणारा प्रत्येक जण रुद्रप्रयागवरून जातोच, आणि १९२६ पर्यंत त्या यात्रामार्गावर सव्वाशे माणसं मारणाऱ्या बिबट्याची गोष्ट एकदा वाचली की बसच्या खिडकीतून दिसणारं जंगल वेगळं दिसतं. मग १९९६ च्या एव्हरेस्टवरच्या अपघाताचं क्राकाउरचं 'इन्टू थिन एअर'. आणखी पाच-सहा नावं. यादीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू? सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणून वाचनालयांचं खातं उभं केलं, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवली. पेटीत कुठली पुस्तकं जायची हे इथे बसून कुणीतरी ठरवत असणार. आपण त्यांच्याच गादीवर बसलोय असं मला कधीकधी वाटायचं.

एका वर्षी आमच्या वाचनालयाशी जोडलेल्या ज्येष्ठांच्या मंडळातली चौदा माणसं जूनमध्ये लडाखला जाणार होती. चौदा जणांनी चौदा याद्या नेल्या. पुस्तकं नेली तिघांनी. त्यातल्या दोघांची महिन्याभरात न उघडता परत आली. तारीखपट्टी चिकटलेली असते तिथे पुस्तक किती उघडलंय ते हाताला कळतं. उरल्या एक काकू. सहकारी बँकेत छत्तीस वर्षं खातेवह्या सांभाळून निवृत्त झालेल्या, वय बाहत्तर, चष्मा दोरीला. त्यांनी तिन्ही मुख्य पुस्तकं नेली आणि कालेलकर तर दोनदा मुदत वाढवून घेतला.

मेच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या दालनात सहलीची बैठक होती. दहाची बैठक, काकू नऊलाच हजर. मी कुलूप काढत होते.

"अगं, तुझ्याकडे नकाशाचं पुस्तक आहे का? उंच्या दिलेलं?"

दिलं. त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. आमचीच जुनी तारीखपट्टी होती, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं आकडे. नकाशावरून दोन आकडे ताडून पाहिले आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

"हे बघ. काकासाहेबांच्या वेळचा यात्रेकरू हृषीकेशहून बद्रीनाथला चालत जायचा. तीनशे किलोमीटर धर. रोज वीस किलोमीटर चालला तरी पंधरा दिवस. हृषीकेश साडेतीनशे मीटरवर, बद्रीनाथ एकतीसशेवर. म्हणजे रोजची चढण किती झाली?"

मी मनातल्या मनात भागाकार करत बसले. त्यांचा केलेलाच होता.

"एकशे त्र्याऐंशी. चट्टीवर, म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळेत मुक्काम, रात्रीची झोप, सकाळी पुन्हा चाल. आता आमचं बघ. दिल्ली दोनशे सोळा मीटर, लेह पस्तीसशे. विमानानं दीड तास. चहा देऊन कप परत नेईपर्यंत बत्तीसशे मीटर वर." त्यांनी चष्मा काढला. "तू मला वाचायला दिलंस ते सगळं चालत गेलेल्या माणसांचं आहे गं. आम्ही तर उडत जाणार."

मी काय बोलणार? बावीस वर्षं मी लोकांना पायी जाणाऱ्यांची पुस्तकं देऊन विमानात बसवत होते, आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

वर बैठक सुरू झाली ती सेव-उसळीनंच. सहल नेणारा मुलगा कारेलीबागेतला, आपल्यातलाच, तोंडानं गोड. भिंतीवर चादर लावून त्यानं चित्रं दाखवली. पहिला दिवस लेह, संध्याकाळी शांती स्तूप. दुसरा दिवस सकाळी निघून खारदुंग ला ही खिंड, "अठरा हजार तीनशे ऐंशी फूट, काकू, पाटीजवळ फोटो काढायचाच!" आणि मुक्काम नुब्रा खोऱ्यात. तिसरा दिवस तिथून थेट पँगाँग, सरोवराकाठी तंबूत मुक्काम. चौथ्या दिवशी परत लेह. मंडळी खूश. सुनेच्या फोनवर पाहिलेलं निळं पाणी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे होतं.

काकूंनी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"खारदुंग ला साडेसतरा हजारांच्या थोडंच वर आहे, बाळा. मोजलंय. ५३५९ मीटर. पाटीवर काही का लिहिलेलं असेना."

हशा पिकला. मुलगाही हसला. काकू मात्र बसल्या नाहीत.

"एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५३६४ मीटरवर आहे. पाच मीटरचा फरक. तिथे जाणारे लोक लुक्ल्याहून चालत आठ-दहा दिवसांनी पोचतात, वाटेत मुद्दाम थांबत थांबत. तू आम्हाला दुसऱ्या दिवशी नेतोयस. माझं वय बाहत्तर आहे."

दालन एकदम शांत झालं. कुणाच्या तरी वाटीत चमचा वाजला तेवढाच.

मुलगा तयारीचा होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं हेही सांगायला हवं. तो म्हणाला, "काकू, खिंडीत आपण वीस मिनिटं थांबतो. झोपायला खाली उतरतो. नुब्रातलं डिस्किट एकतीसशेच्या आसपास आहे, लेहपेक्षाही खाली. आणि गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर असतो."

काकू थबकल्या. हा मुद्दा त्यांच्या पट्टीवर नव्हता. मला वाटलं, संपलं. मागच्या रांगेतून एक आवाज आला, "मी कापूर घेतलाय खंडेराव मार्केटातून, पाव किलो. हुंगला की झालं!" आणि तीन-चार जणांनी आपापल्या पुरचुंड्या दाखवल्या.

तेव्हा आमचे डॉक्टरसाहेब उठले. वाचनालयाचे जुने वर्गणीदार, दवाखाना मुलाकडे सोपवलेला, एरवी फक्त दिवाळी अंक नेणारे. "कापूर आरतीला ठेवा," ते म्हणाले. "वासानं बरं वाटेल, पण हवेचा दाब कापरानं वाढत नाही. लेहला एका श्वासात बडोद्याच्या दोन-तृतीयांश प्राणवायू मिळतो, खारदुंग लाला निम्म्याच्या आसपास. शरीर सवय करून घेतं, पण त्याला रात्री लागतात. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही. दिवसा चढून आलात तर आलात, हिशोब रात्रीचा." मग मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, "नुब्राहून पँगाँगला झोपायला किती वर जातो आपण?"

मुलाच्या आधी काकूंनीच उत्तर दिलं. "पँगाँग सव्वाचार हजार. अकराशे मीटर."

"एका दिवसात?"

"एका दिवसात. आणि घरून निघाल्याच्या तिसऱ्या रात्री."

पुढचा अर्धा तास सगळे एकदम बोलत होते. डॉक्टरांनी डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणं सांगितली. कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, चालताना झोकांडी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं, सिलिंडर हा उतरेपर्यंतचा आधार, हे तीनदा सांगितलं. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं नाव निघालं, तेव्हा ज्यांना सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी हात वर करा म्हणाले. एक हात वर आला. त्या बाईंनी मैत्रिणीच्या सांगण्यावरून दोन पट्ट्या आधीच विकत घेतल्या होत्या! ज्याच्या त्याच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणी एक गोळी तोंडात टाकायची नाही, असा दम भरून ते खाली बसले.

सहलवाला मुलगा गप्प झाला होता. मला त्याची दया आली, कारण नंतर जिन्यात त्यानं जे सांगितलं ते खरंच असणार. "ताई, लेहला पहिले अठ्ठेचाळीस तास आराम करा असं तिथलं प्रशासनच सांगतं. मला माहीत नाही का? पण दोन दिवस नुसतं हॉटेलात बसवणारी सहल विकली जात नाही. लोक शेजारच्याचं पत्रक घेऊन येतात, त्यात पाच रात्रींत सगळं असतं."

शेवटी त्याच रविवारी दुपारी चादर लावलेल्या त्या भिंतीपुढे नवा कार्यक्रम ठरला. लेहला दोन पूर्ण दिवस काही नाही. शांती स्तूपसुद्धा दुसऱ्या संध्याकाळी. मग नुब्रा दोन रात्री, पुन्हा लेह, आणि पँगाँग तिथून एका दिवसात जाऊन-येऊन, मुक्काम नाही. तंबू गेला म्हणून दोन काका रुसले. दोन रात्री वाढल्या तसा खर्चही वाढला, आणि तिघांनी नाव काढून घेतलं. ते तिघं नंतर कौसानीला जाऊन आले, एकोणीसशे मीटरच्या आत, आणि गांधीजी १९२९ मध्ये राहिले होते त्या आश्रमाच्या अंगणातून बर्फाची रांग पाहून आम्हालाच स्वस्तात हिमालय मिळाला असं सांगत फिरले.

सगळे गेल्यावर मी खणातला याद्यांचा गठ्ठा काढला. फाडावा असं क्षणभर वाटलं, पण पुस्तकांचा काय दोष? प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर हातानं एक रकाना आखत बसले: रात्र पहिली, गाव, उंची; रात्र दुसरी, गाव, उंची. हा भरून आणा, मग पुस्तक देते. आता तसंच करते. काही जण वैतागतात. "ताई, तुम्ही पुस्तकं देता की पासपोर्ट?" असं एकानं विचारलंही. रकान्यात उडी मोठी दिसली की मी डॉक्टरसाहेबांचा नंबर देते, आणि मग काकासाहेब.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काकू आल्या. नाकाची साल निघालेली, गालांवर उन्हाचा काळा पट्टा. पिशवीतून 'हिमालयनो प्रवास' काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं जाण्याआधी परत केला असेल. त्या तो लेहला घेऊन गेल्या होत्या.

"मग? कसं झालं?"

"पहिल्या रात्री डोकं असं ठणकलं की विचारू नकोस. एकीला उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सगळे सरळ. दोन दिवस खिडकीत बसून पॉपलरची झाडं बघितली आणि हे पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्या शेजारी बसून एका काकांनीही वाचलं, रुसलेल्यांपैकी." त्या हसल्या. "पँगाँगला तासभर होतो. निळं आहे खरं. फार वारा."

मी पुस्तक उघडलं. आत तीच तारीखपट्टी, पेन्सिलीचा हिशोब, आणि खाली पेनानं नवीन ओळ: लेह, दुसरी रात्र, झोप बरी.

"तेवीस दिवस उशीर झालाय, काकू."

"माहितेय. रोजचा रुपया ना? तेवीस." त्यांनी पन्नासची नोट पुढे केली. माझ्याकडे सुटे नव्हते. शिपायाकडेही नव्हते.

"राहू दे," त्या पिशवी उचलत म्हणाल्या. "सत्तावीस जमा धर माझ्या नावावर. पुढच्या वर्षी स्पितीला जायचं म्हणतायत. तिथलं काय आहे तुझ्याकडे ते बघून ठेव, आणि ते नकाशाचं पुस्तक मला आत्ताच दे."

नकाशाचं पुस्तक संदर्भ विभागातलं आहे. बाहेर द्यायची परवानगी नाही. दिलं.