शाफ्ट्सबरीचा अर्ल: कायदा, कैद आणि कारस्थान

इंग्लंडच्या उमराव सभेत 27 मे 1679 रोजी कैद्याला न्यायालयापुढे हजर करून त्याच्या अटकेचे कारण दाखवायला लावणाऱ्या हेबियस कॉर्पस विधेयकावर अखेरचे मतदान झाले आणि 57 विरुद्ध 55 असा निकाल जाहीर करण्यात आला. मतांची ही बेरीज 112 होते, तर सभागृहाच्या नोंदीत त्या दिवशी 107 उमरावांचीच हजेरी आहे. बिशप बर्नेट याने लिहून ठेवले आहे की, मते मोजणाऱ्या लॉर्ड ग्रे याने आत येणाऱ्या एका अतिशय लठ्ठ उमरावाला थट्टेने दहा जण धरले आणि दुसऱ्या मोजणाऱ्याचे लक्ष नाही असे पाहून तो आकडा तसाच राहू दिला. या हकिकतीला थोडे तिखटमीठ लागले असेलही; पण मुंबई उच्च न्यायालयात आज दाखल होणाऱ्या हेबियस कॉर्पस याचिकांचे कूळ ज्या कायद्यापर्यंत जाते, त्याच्या मंजुरीची नोंद अशी संशयास्पद आहे, हे मला मोठे गमतीचे वाटते. हा कायदा पुढे ज्याच्या नावाने ओळखला गेला, तो शाफ्ट्सबरीचा पहिला अर्ल अँथनी अॅशली कूपर याचे सारे चरित्रही असेच आहे: हेतू पुष्कळदा मोठा, साधने मात्र क्वचितच स्वच्छ.

त्याचा जन्म 1621 मध्ये डॉर्सेट परगण्यातील विम्बोर्न सेंट जाइल्स येथे झाला. दहाव्या वर्षापूर्वीच आईवडील दोघेही वारले आणि त्याची जहागीर ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’च्या ताब्यात गेली. अज्ञान वारसांच्या मालमत्तेवर राजाच्या वतीने देखरेख करणारे हे न्यायालय प्रत्यक्षात त्या मालमत्तेतून पैसा काढण्याचे साधन होते, आणि कूपरच्या जमिनींचा मोठा भाग कमी किमतीत विकला गेला. उरलेले वाचवण्यासाठी पोरवयातच आपण स्वतः अॅटर्नी जनरल नॉय याच्याकडे गेलो, असे त्याने आत्मवृत्तात सांगितले आहे. राजाचा अनिर्बंध अधिकार घरात कसा शिरतो, याचा धडा त्याला फार लवकर मिळाला, असे मला वाटते.

पुढचे पक्षबदल त्याच्या शत्रूंनी आनंदाने मोजले. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात तो आधी राजाच्या बाजूने लढला आणि 1644 मध्ये पार्लमेंटकडे गेला. राजेशाही बंद पडल्यावर सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राज्यमंडळात बसला आणि त्याच्यापासून दूरही झाला. 1660 मध्ये दुसऱ्या चार्ल्सला परत बोलावण्यासाठी ब्रेडाला गेलेल्या शिष्टमंडळात तो होता. राजाने त्याला आधी बॅरन, मग 1672 मध्ये अर्ल आणि लॉर्ड चॅन्सेलर केले, आणि पुढच्याच वर्षी पदावरून दूर केले. याच काळात त्याच्या यकृतातील गळू तत्त्वज्ञ आणि वैद्य जॉन लॉक याच्या देखरेखीखाली 1668 मध्ये कापण्यात आले आणि निचऱ्यासाठी तेथे कायमची नळी बसवली गेली. त्या नळीवरून विरोधकांनी त्याला ‘टॅप्स्की’ (‘टॅप’ म्हणजे तोटी) हे नाव पाडले. लॉक मात्र त्याच्या घरचाच होऊन राहिला. अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीच्या मालकांपैकी एक असलेल्या या उमरावासाठी चिटणिशी करताना त्याने 1669 च्या त्या राज्यघटनेच्या मसुद्यावरही काम केले, जिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या आफ्रिकी गुलामांवर निरंकुश सत्ता दिलेली आहे. लंडनमध्ये अनिर्बंध सत्तेविरुद्ध लढणाऱ्या माणसाला यात काही विसंगती वाटल्याचे दिसत नाही.

1677 मध्ये, पंधरा महिने बैठक न झाल्यामुळे पार्लमेंट कायद्याने बरखास्तच झाले आहे, असे त्याने सभागृहात मांडले आणि त्याची रवानगी लंडनच्या टॉवर या किल्ल्यातील तुरुंगात झाली. बरोबरच्या तिघा उमरावांनी काही महिन्यांत माफी मागून सुटका करून घेतली. त्याने हेबियस कॉर्पससाठी न्यायालयाकडे धाव घेतली. तेथे नकार मिळाला आणि वर्षभराच्या कैदेनंतर त्याला सभागृहापुढे गुडघे टेकावे लागले. 1679 च्या कायद्यामागे हा अनुभव होता, असे मानायला मला अडचण वाटत नाही.

पण त्याच वेळी तो दुसराही एक डाव खेळत होता. 1678 मध्ये टायटस ओट्स नावाच्या भामट्याने, कॅथलिक लोक राजाचा खून करणार असल्याची बनावट कहाणी रचली. राजाचा भाऊ जेम्स हा कॅथलिक असल्याने त्याला वारसाहक्कातून वगळण्याची मोहीम शाफ्ट्सबरीने या भीतीवर उभी केली. उमराव सभेने नोव्हेंबर 1680 मध्ये वगळणुकीचे विधेयक 63 विरुद्ध 30 मतांनी फेटाळले, तेव्हा राजाने राणी कॅथरीनला घटस्फोट देऊन प्रॉटेस्टंट स्त्रीशी लग्न करावे, अशी सूचना त्याने मांडली. मुंबई बेट ज्या लग्नात आंदण म्हणून मिळाले, ते हेच लग्न. हे राजकारण चालू असताना निरपराध माणसे मात्र फासावर जात होती. आयर्लंडचा आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट याला 1 जुलै 1681 रोजी टायबर्न येथे देहान्त शिक्षा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी राजद्रोहाच्या आरोपाखाली खुद्द शाफ्ट्सबरीला अटक झाली. आयरिश कटाच्या कहाण्या सांगण्यासाठी त्याच्या पक्षाने ज्यांना पुढे आणले होते, त्यांच्यापैकीच काही साक्षीदार आता त्याच्याविरुद्ध उभे राहिले.

लंडनचे शेरीफ शाफ्ट्सबरीच्याच व्हिग पक्षाचे होते आणि खटला चालवावा की नाही हे ठरवणारी ग्रँड ज्युरी तेच निवडत. 24 नोव्हेंबर 1681 रोजी तिने आरोपपत्र फेटाळले आणि शहरात होळ्या पेटल्या. पुढच्या वर्षी दरबाराने खटपट करून राजाच्या बाजूच्या टोरी पक्षाचे शेरीफ आणले. आता पुढची ज्युरी आपल्याला सोडणार नाही, हे ओळखून शाफ्ट्सबरी आधी लपला आणि मग हॉलंडला पळाला. 21 जानेवारी 1683 रोजी अॅमस्टरडॅम येथे तो वारला.

जेम्स 1685 मध्ये गादीवर आला आणि 1688 मध्ये परागंदा झाला. कॅथलिक व्यक्तीला गादीवर बसता येणार नाही, ही शाफ्ट्सबरीची मागणी 1689 मध्ये कायद्यात आली. जेम्सच्या राज्यात चाबकाचे फटके खाऊन तुरुंगात पडलेला ओट्स नव्या राजवटीत सुटला आणि त्याला निवृत्तिवेतनही मिळाले.