आज काहीच घडलं नाही

मी ट्रक चालवतो. रोजनिशी लिहायला बसलं की माझी पहिली पंचाईत हीच होते. ज्या दिवशी काम चोख झालं, त्या दिवशी लिहायला काही उरत नाही. माल भरला, गाडी निघाली, गाडी पोचली, माल उतरला. जुन्या वह्या चाळल्या तर पानंच्या पानं ‘विशेष काही नाही’ एवढ्यावर संपलेली. तसा दिवस घडवायला दिवसभर काय काय करावं लागतं, ते त्यात कुठेच नाही. म्हणून या आठवड्यात तेच लिहायचं ठरवलंय.

सोमवार, निघण्याआधी

अजून अंधार आहे. बॅटरी घेऊन गाडीभोवती फेरी मारली. ही सवय उस्तादांची. माझ्या शिकाऊ दिवसांत ते मला चावी द्यायचे नाहीत, आधी हातात टॉमी द्यायचे आणि म्हणायचे, “वाजव.” टॉमी म्हणजे लोखंडी दांडा. त्याने प्रत्येक टायर ठोकायचा आणि कान द्यायचा. हवा बरोबर असेल तर टॉमी टणकन उसळून परत येते. हवा गेलेला टायर थप्प वाजतो आणि हाताला काहीच परत देत नाही. मागच्या जोडटायरांतला आतला टायर बसला असेल तर बाहेरून दिसतही नाही. शेजारचा त्याचं ओझं उचलतो आणि मैलोन्‌मैल गाडी कुरकुर न करता चालते. बसलेला टायर मात्र आतल्या आत चिरडत, तापत राहतो. पुढे तो फुटतो किंवा पेट घेतो. मग लोक म्हणतात, अचानक झालं.

आज सगळे टणक वाजले.

मग इंजिन सुरू करून ब्रेकच्या टाक्यांत हवा भरायची वाट पाहिली. हवेच्या दाबाची सुई 100 पीएसआयच्या वर जाईपर्यंत मी गाडी हलवत नाही. उभ्या गाडीचा ब्रेक कसा चालतो हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती. हवा तो ब्रेक लावत नाही, सोडवते. आत एक जाडजूड स्प्रिंग असते, ती ब्रेक दाबूनच बसलेली असते, आणि हवेचा दाब तिला मागे रेटतो तेव्हा कुठे चाक मोकळं होतं. पाइप फुटला, हवा गेली, तर स्प्रिंग आपलं काम करते आणि गाडी थांबते. म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्राची मूळ अवस्था उभं राहण्याची. चालायची परवानगी दर वेळी मागून घ्यावी लागते. ज्याने हे असं योजलं त्याला गाड्या कळत होत्याच, माणसंही कळत असावीत.

सोमवार, पहिला थांबा

तासाभराच्या आत एकदा थांबलोच. पट्टे तपासले, दोन सैल झाले होते. निघताना कितीही करकचून आवळा, गाडी चालली की माल बसतो, खोक्यांमधल्या फटी मिटतात आणि पट्टा ढिला पडतो. अमेरिकेच्या नियमात तर पहिल्या 50 मैलांच्या आत माल पुन्हा तपासायचा, असं लिहूनच ठेवलंय. युरोपच्या मोजणीत मालाच्या वजनाच्या 0.8 पट जोर पुढच्या दिशेने अडवता आला पाहिजे, बाजूंना आणि मागे 0.5 पट. पुढे जास्त का, तर जोरात ब्रेक मारला की गाडी थांबते आणि माल थांबत नाही. त्याच्या आणि माझ्या पाठीच्या मध्ये केबिनचा पत्रा तेवढा असतो.

मंगळवार, घाट उतरल्यावर

चढण सगळ्यांना अवघड वाटते. चढणीवर फार तर गाडी धापा टाकते, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, डिझेल जळतं. जीव जातो तो उतारावर. भरलेली गाडी उतरताना पायाने सतत ब्रेक दाबून ठेवला की चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनर्सपासून लांब सरकतो, लायनर्सची पकडही तापून कमी होते. मग पाय खाली खाली जातो आणि गाडी ऐकत नाही. करपल्याचा वास येतो. तो वास एकदा नाकात गेला की आयुष्यात विसरत नाही.

उस्ताद म्हणायचे, “ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर.” तेव्हाच्या गाड्यांना ते बरोबर होतं. हल्लीच्या गाड्या हलक्या पळतात, घर्षण कमी, त्यामुळे त्यांना चढणीपेक्षाही खालचा गिअर लागतो. तोही उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. उतारावर पडता पडता गिअर बदलायला गेलं आणि तो बसलाच नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये आणि माणूस देवाच्या हवाली. ब्रेक मारायचा तो ठरवून. वेग ठरवलेल्या आकड्यापेक्षा थोडा खाली आणायचा, पाय पूर्ण उचलायचा, वेग परत वर आला की पुन्हा.

इंजिन ब्रेकची गोष्ट मला फार आवडते. क्लेसी कमिन्स म्हणजे डिझेल इंजिनं बनवणारा बडा माणूस. 1931 साली तो स्वतःच ट्रकने अमेरिका आरपार निघाला होता. कॅलिफोर्नियातल्या कॅहॉन खिंडीत उतरताना ब्रेक गेले, पुढे रेल्वेचं फाटक आणि त्यावरून मालगाडी चाललेली. थोडक्यात वाचला. पण ती भीती त्याने सोडली नाही. जे इंजिन ट्रकला ओढतं तेच त्याला मागे का खेचू शकणार नाही, याचा तो विचार करत राहिला. त्यातून आलेला इंजिन ब्रेक 1961 मध्ये बाजारात आला. त्यात सिलिंडरमधली दाबलेली हवा ऐन वेळी सोडून देतात, त्यामुळे ती पिस्टनला परत ढकलत नाही आणि इंजिन गाडीचा जोर खाऊन टाकतं. तो फडफड आवाज ऐकून गावातली माणसं वैतागतात, त्यांचंही खरं आहे. मला मात्र कमिन्सची ती तीस वर्षं ऐकू येतात.

खाली पोचल्यावर थांबलो, उतरलो, उलट्या हाताने प्रत्येक चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, चाचपला. सगळे सारखे गरम. एकच जास्त गरम लागला असता तर आज लिहायला मजकूर मिळाला असता.

बुधवार, एका गोदामाच्या दारात

सकाळची वेळ दिली होती. दुपार झाली. नाव लिहीत नाही, कुठलंही गोदाम घ्या. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणतो, “बोलावतो.” पैसे किलोमीटरवर मिळतात, म्हणजे उभ्या गाडीचे तास फुकट. गोदामवाल्याला वाट पाहायला लावण्याचा काही खर्चच नाही, मग तो घाई कशाला करेल? आमच्या धंद्यातली अर्धी घाई इथे जन्माला येते. दारात गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढायचा, हा हिशेब कुणी बोलून दाखवत नाही. सगळ्यांना तो पाठ असतो.

कायदे आहेत. युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं विश्रांती. अमेरिकेत सलग 10 तास सुट्टी घेतल्यावर जास्तीत जास्त 11 तास चालवता येतं, तेही ड्यूटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आत. आणि गोदामाच्या दारात थांबलं तरी ते 14 तास सरतच राहतात. भारतात 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 तास लिहिले होते. हे नियम बरोबर आहेत आणि ते नसते तर आम्ही याहून वाईट जगलो असतो, असं माझं ठाम मत आहे. पण नियम ड्रायव्हरचं घड्याळ मोजतो, गोदामाचं मोजत नाही.

उशिरा नंबर लागला. पोचायच्या जागी फोन करून सांगितलं की आज येत नाही, उद्या येईन. पलीकडून बरंच ऐकून घेतलं. असे फोन करायला मला पूर्वी जमायचं नाही.

बुधवार, रात्र

जागा शोधण्यात तास गेला. सगळ्या पार्किंगमध्ये गाड्यांना गाड्या चिकटलेल्या. शेवटी मिळाली ती शीतगाडीच्या शेजारी. तिचं कूलिंग युनिट मधूनच गुरगुरत सुरू होतं, मधूनच बंद. आवाज सतत असता तर झोप लागली असती. बंद झालं की जाग येते.

1997 साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला होता. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा वागतो, आणि 24 तास जागलेला 0.10 टक्क्यांसारखा. प्यायलेल्या ड्रायव्हरला लोक शिव्या घालतात आणि रात्रभर न झोपता माल पोचवणाऱ्याला शाबासकी देतात. मलाही पूर्वी ती शाबासकी गोड लागायची.

डुलकी कशी असते हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगता येत नाही. झोप आल्यासारखं वाटतच नाही. फक्त रस्त्याचा एक तुकडा गहाळ होतो. मघाशी पाटी लांब होती, आता ती मागे गेलेली असते. ताशी 80 किलोमीटरला सेकंदाला 22 मीटर जातात. तीन सेकंदांचा तुकडा म्हणजे 66 मीटर, आणि तेवढा वेळ गाडी कुणीच चालवत नव्हतं. पहाटे दोन ते पाच सगळ्यात वाईट, मग दुपारचा एक पट्टा. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी काही मिनिटं निभावतात, झोप मात्र भागत नाही. कॉफी पिऊन लगेच वीसेक मिनिटं आडवं होणं, हा एक उपाय खरा. कॉफी चढेपर्यंत डोळा लागून जातो आणि दोन्हींचा गुण एकदम येतो. ही माझी शोधाशोध नाही, झोपेच्या अभ्यासकांनी तपासलेलं आहे. मी आपला वापरतो.

‘रस्त्याचं वेड’ असलेल्या ड्रायव्हरांचं कौतुक मी खूप ऐकलंय. वेडवाल्यांच्या मागे मी गाडी ठेवत नाही.

शुक्रवार

आरशात पाहिलं. खिडकीच्या बाजूचा गाल जास्त रापलाय, सुरकुत्याही त्याच बाजूला. काच असताना ऊन कसं लागतं असं वाटायचं. 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापला होता. वय 69, गाडी 28 वर्षं चालवलेली. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग उजव्याहून कितीतरी म्हातारा. उन्हातले अतिनील ए किरण खिडकीच्या काचेतून आरपार येतात. त्या फोटोतल्या माणसाच्या दोन्ही अर्ध्या चेहऱ्यांत मला ओळखीचं माणूस दिसलं.

कंबर, गुडघा आणि पोट यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

रविवार, घरी

पलंग हलत नाही म्हणून झोप नाही. पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात गेलो, डबा शोधत राहिलो. मागून आवाज आला, “अहो, डबे आता वरच्या फळीवर असतात.” कधीपासून, ते विचारलं नाही. मी नसताना घर थांबून राहत नाही आणि राहूही नये. तिने बिलं, शाळा, दुखणीखुपणी, नळ गळणं, सगळं लावून दिलेलं असतं. दोन दिवसांसाठी येऊन मी मध्ये हात घातला की घोळ होतो. पूर्वी याचा राग यायचा. आता मी विचारतो, “काय करू?” मग ती एखादं काम देते, बहुतेक वजन उचलायचं.

मुलीला माझ्या गावांची नावं नको असतात. फोनवर ती विचारते, “बाबा, आत्ता तुझ्या उजव्या बाजूला काय दिसतंय?” मी उभा असेन तरच तिचा फोन घेतो, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा ‘दुसरी गाडी’ असंच असतं. आज जेवताना तिने स्वतःच विचारलं, “तू नेहमी पार्किंगमध्येच कसा असतोस?” समजावून सांगितलं. चालवताना फोन घेत नाही म्हणून. तिला ते पटलं, पण निराशा झाली. तिच्या डोक्यातला मी सारखा चालत असतो.

रविवार, रात्री उशिरा

उद्याच्या फेरीचा निरोप आला. टँकर आहे, तोही अर्धाच भरणार.

भरलेला टँकर बरा, रिकामाही बरा. अर्ध्यात द्रव मोकळा असतो. ब्रेक मारला की तो पुढे धावतो, आदळतो, मागे जातो आणि परत येतो. गाडी थांबल्यावरही ओल्या रस्त्यावर तो तिला पुढे ढकलू शकतो. वळणावर बाजूला चढतो आणि सगळा तोल त्याच्याबरोबर जातो. म्हणून काही टाक्यांमध्ये भोकं पाडलेले आडवे पडदे असतात, ते लाट मोडतात. खाण्यापिण्याचे पदार्थ नेणाऱ्या टाक्यांत बहुधा ते नसतात, कारण कोपऱ्यांत साफसफाई नीट होत नाही. आणि हे पडदे पुढची-मागची लाट अडवतात, बाजूची नाही. वळणाचा वेग शेवटी ड्रायव्हरलाच राखावा लागतो.

फोन करून विचारलं, “आत पडदे आहेत का?”

पलीकडचा म्हणाला, “तुम्हाला काय करायचंय? गाडी चालवायची ना?”

म्हटलं, “हो. म्हणूनच विचारतोय.”

तो कुणाला तरी विचारायला गेला. मी फोन धरून बसलोय आणि तेवढ्यात हे लिहून काढतोय. आला तो. पडदे नाहीत म्हणतो. मग मोकळ्या रस्त्याचा, लांबचा मार्ग घेतो, घाटातून जात नाही. पोचायला अर्धा दिवस जास्त लागेल हे आत्ताच सांगून टाकलं. तो म्हणाला, कळवतो.