शून्य डिग्रीवाला सीपीयू

गेल्या रविवारी भर दुपारी पाथर्डी फाट्यावरून मावसभावाचा फोन, "दादा लगेच ये, पीसी गेला वाटतं." हा लग्नाचं शूटिंग करतो, औरंगाबाद रोडवरच्या लॉन्सवर सीझनमध्ये रोज कुठे ना कुठे असतोच, आणि एडिटिंगसाठी पै पै साठवून एएमडी कंपनीच्या रायझन ७००० सिरीजचा सीपीयू टाकून पीसी बनवून घेतलाय. पण टेंपरेचर बघायला जुन्या पीसीतलंच एक फ्री सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमधून आणून टाकलेलं. त्यात सीपीयू ० डिग्री, फॅन गायब, आणि खाली कुठला तरी एक सेन्सर चक्क १२७. दुकानवाल्याला फोटो पाठवला तर तो म्हणे मदरबोर्ड घेऊन या, बदलावा लागेल. मंगळवारी हळदीला प्री-वेडिंगचा व्हिडिओ एलईडीवर लावायचा होता, पोराचं तोंड एवढंसं झालेलं.

मी म्हटलं स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेव, आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या बोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये बघू. तिथे सीपीयू ४८ च्या आसपास, फॅनचे आकडे पण नीट येतायत. म्हणजे सेन्सर धडधाकट आहे, सॉफ्टवेअरलाच तो वाचता येत नाहीये.

मावशीने चहा आणला तेव्हा त्याला सगळं समजावलं. असलं सॉफ्टवेअर आधी सीपीयूला त्याचा फॅमिली नंबर आणि मॉडेल नंबर विचारतं, मग आपल्या यादीत शोधतं की या मॉडेलचं टेंपरेचर कुठून वाचायचं. ही सिरीज आली सप्टेंबर २०२२ मध्ये, याचं सॉफ्टवेअर त्याच्याही आधीचं, मग यादीत नाव असणार कुठून? फॅन आणि व्होल्टेजचं प्रकरण अजून वेगळं, ते बोर्डवरच्या सुपर आयओ नावाच्या छोट्या चिपकडे असतं, बहुतेक वेळा नुवोटॉन नाहीतर आयटीई कंपनीची, तिचाही आयडी ओळखावा लागतो. आणि ओळखला तरी बोर्ड बनवणाऱ्याने कुठल्या पिनला काय जोडलंय ते मॉडेलप्रमाणे बदलतं, काहीच न जोडलेल्या पिनवर १२७ सारखा कचरा दिसतो.

खरं सांगू का, मला ० ची भीती वाटत नाही, चुकीचंय हे लहान मूलसुद्धा सांगेल. भीती वाटते खऱ्यासारख्या दिसणाऱ्या आकड्याची. २०१७ मध्ये पहिले रायझन आले तेव्हा १७००एक्स आणि १८००एक्स या मॉडेलच्या रीडिंगमध्ये एएमडीनेच फॅन कंट्रोलसाठी २० डिग्री जास्तीचे मिळवले होते, ज्या सॉफ्टवेअरला हे माहीत नव्हतं ते ५० चे ७० दाखवायचं. ७० बघून कोणाला शंका येणार?

मग जुनं उडवलं आणि एचडब्ल्यूइन्फो या टेंपरेचर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं लेटेस्ट व्हर्जन थेट त्यांच्या साइटवरून घेतलं. उडवताना दिसलं की डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसने, त्या जुन्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर आधीच पकडून ठेवलाय. विनरिंगझिरो म्हणून ड्रायव्हर आहे, अशी बरीच सॉफ्टवेअर तोच वापरायची, त्यातली सुरक्षेची चूक २०२० पासून नोंदलेली आहे आणि २०२५ पासून डिफेंडर त्याला अडवतो. भाऊ म्हणाला एक्सक्लूजन टाकून देऊ ना, म्हणजे डिफेंडर त्याला सोडून देईल. मी ठाम नाही म्हटलं, हा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतो, लोकांच्या लग्नाचं फुटेज ज्या मशीनवर आहे तिथे असलं दार उघडं ठेवायचं नाही.

नव्यात सगळं दिसलं, कोअरनुसार टेंपरेचर, फॅन, क्लॉक म्हणजे सीपीयूचा वेग. रेंडर लावला तर सीपीयू ९५ ला गेला आणि हा परत घाबरला, पण या सिरीजची मर्यादाच ९५ आहे, फुल लोडला तिथपर्यंत जाऊन ती स्वतःच क्लॉक सांभाळते. अर्धा तास आम्ही नुसते आकडे बघत बसलो, क्लॉक कुठे धपकन खाली आला नाही.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच, टेंपरेचर दाखवणाऱ्या सेन्सर्स कमांडमध्ये काही दिसत नसेल तर आधी कर्नल किती जुना आहे ते बघा, सेन्सर वाचणारे ड्रायव्हर तिथे कर्नलसोबतच येतात.

मंगळवारी रात्री भावाने एलईडीवर चाललेल्या व्हिडिओची क्लिप पाठवली. बोर्ड अजून तोच आहे.