जागेपणी केलेली बलून सायनुप्लास्टी

गालाची हाडं ठणकणं, वास न येणं, घशात सतत कफ उतरणं. हे १२ आठवड्यांच्या वर चाललं की डॉक्टर त्याला जुनाट सायनसायटिस म्हणतात, म्हणजे सायनसची, नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, सूज. माझं दुखणं त्याच्या कितीतरी पुढे गेलं होतं. स्टिरॉइडचा स्प्रे, अँटिबायोटिक, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, सगळं करून झालं होतं.

बलून सायनुप्लास्टी, म्हणजे नाकातून छोटा फुगा घालून सायनसचं तोंड रुंद करणं, क्लिनिकमध्ये बसल्या बसल्या होतं म्हटल्यावर मी लगेच तयार झाले, पण डॉक्टरांनी आधी सीटी स्कॅन मागितला. फुगा कपाळाच्या, गालाच्या आणि पार मागच्या स्फेनॉइड सायनसचं तोंड रुंद करतो. डोळ्यांच्या मधल्या एथमॉइडमध्ये नुसते बारीक बारीक कप्पे असतात, तिथे त्याचा उपयोग नाही. नाकात मोठे पॉलिप, म्हणजे मऊ गाठी, असले तरी नाही. माझा एथमॉइड स्वच्छ निघाला, म्हणून होकार मिळाला. स्कॅन न बघताच कुणी तारीख देत असेल तर सरळ उठून यावं, असं माझं मत.

सगळ्यात वेळ गेला तो भूल चढण्यात. औषधात भिजवलेले कापसाचे बोळे नाकात ठेवून बसवून ठेवलं. वरचे दात बधिर झाले, घशात कडू उतरलं. मग आतून इंजेक्शन. टोचल्याचं फारसं कळलं नाही, पण त्यातल्या अ‍ॅड्रिनलिनने छाती धडधडायला लागली. "होतं असं, थांबेल आपोआप," डॉक्टर म्हणाले. थांबलीही.

दुर्बिणीबरोबर टोकाला दिवा असलेली बारीक तार आत गेली. ती सायनसमध्ये पोचली की गाल आतून उजळतो. मला कुठला दिसायला, नर्सने सांगितलं. फुगा हवेने नाही, पाण्याने फुगवतात, तेही काही सेकंदच. दुखलं नाही, दाब मात्र जबरदस्त. आणि आवाज! सुकी काडी मोडावी तसा, थेट कवटीत. पातळ हाड किंचित तडकतं त्याचा तो आवाज. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी खुर्चीतून उडालेच असते.

त्यानंतर थोडं रक्ताळलेलं पाणी येत राहिलं. काही दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, उशी उंच. नाक धुवायचं ते उकळून गार केलेल्या पाण्यानेच. नळाच्या पाण्यातल्या अमीबाचा संसर्ग क्वचित होतो, पण जिवावर बेततो.

गालाचा ठणका गेलाय. अ‍ॅलर्जीच्या शिंका जशाच्या तशा आहेत, त्यामुळे स्प्रे सुटलेला नाही.